ही फायनलच आहे ना?

शनिवार, ४ मे १९५७. लंडन, वेम्बली स्टेडियम. तुमच्या एका हातात पाण्याची बादली आहे, दुसऱ्यात स्पंज. मँचेस्टर युनायटेडच्या बाकाच्या टोकाला तुम्हाला जागा मिळाली आहे आणि समोर एफए कपची फायनल सुरू झाली आहे. युनायटेडनं यंदाची लीग आधीच खिशात टाकली आहे. आज कपही मिळाला तर एकाच हंगामात दोन्ही जिंकण्याचा पराक्रम होईल. तो शेवटचा घडला होता १८९७ साली, आणि घडवणारा संघ होता ॲस्टन व्हिला. आज समोर तोच उभा आहे.

सहावं मिनिट. व्हिलाचा पीटर मॅकपार्लंड हेडर मारतो. युनायटेडचा गोलकीपर रे वूड चेंडू आरामात कवेत घेतो. इथं विषय संपायला हवा; पण मॅकपार्लंड तसाच धावत येतो आणि खांदा घालतो. या काळातल्या इंग्लंडमध्ये चेंडू हातात असलेल्या गोलकीपरला खांद्यानं धडक देणं खेळात बसतं. दोघंही आडवे होतात. मॅकपार्लंड उठतो. वूड उठत नाही.

बादली हिंदकळवत तुम्ही धावता. शुद्ध हरपलेली, गालाचं हाड मोडलेलं. तुम्ही एकविसाव्या शतकातून आलेले असल्यामुळं तुमचे हात आपोआप त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना जातात. बेशुद्ध खेळाडूच्या मानेलाही इजा आहे असं धरूनच चालायचं, मान हलू द्यायची नाही, श्वास बघायचा. आणि हा माणूस आज परत खेळणार नाही, हे तुम्हाला पाठ आहे. भोवतालच्या कुणालाच ते ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी उपयोग नव्हता, कारण १९५७ च्या इंग्लिश फुटबॉलमध्ये बदली खेळाडू ही गोष्टच नाही. अकरा उतरले, एक पडला, दहा उरले.

वूडला स्ट्रेचरवरून बाहेर नेतात. सेंटर-हाफ जॅकी ब्लँचफ्लावर गोलकीपरची जर्सी चढवतो. थोड्या वेळानं तुमच्या डोळ्यांदेखत वूड मैदानात परत येतो. गोलमध्ये त्याला उभं करत नाहीत, उजव्या कडेला विंगर म्हणून धाडतात. निदान व्हिलाच्या एका माणसाला त्याच्यावर लक्ष तरी ठेवावं लागेल, एवढाच हिशेब. उत्तरार्धात मॅकपार्लंडच दोन गोल करतो. टॉमी टेलर एक फेडतो, तोही डोक्यानं. मग शेवटची काही मिनिटं हल्ल्याला माणूस हवा म्हणून वूडला पुन्हा गोलमध्ये उभं करतात. मोडलेल्या गालाचा, तासाभरापूर्वी शुद्ध गेलेला माणूस वेम्बलीच्या दोन खांबांमध्ये. व्हिला २–१ नं जिंकते.

रागवायचं कुणावर? मैदानावर कुणी दुष्ट नव्हतं. डोक्याला मार लागला की डॉक्टर तपासतो आणि निदान करतो असं आपण समजतो. फुटबॉलचा इतिहास जवळून पाहिला तर वेगळंच दिसतं. तिथं निदान केलं ते बदली खेळाडूंच्या नियमानं. बाहेर काढलेल्या माणसाच्या जागी दुसरा पाठवता येत नसेल तर आतला माणूस ‘बरा’ असतो. पाठवता येत असेल, पण महागात पडत असेल, तर तो ‘बहुतेक बरा’ असतो. पुढं जिथं जिथं जाल तिथं डॉक्टरकडं बघायच्या आधी त्या वर्षीचं नियमपुस्तक बघा.

इंग्लिश लीगमध्ये पहिला बदली खेळाडू आला १९६५ च्या हंगामात. एकच, आणि तोही फक्त जखमी माणसाच्या जागी. पुढच्याच हंगामात कोणत्याही कारणासाठी बदल चालेल असं ठरलं. खरी दुखापत कोणती आणि सोंग कोणतं, हे पंचानं कसं ठरवायचं? हा प्रश्न लक्षात असू द्या, अठ्ठावन्न वर्षांनी तो पुन्हा भेटेल.

तोवर त्याच वेम्बलीवर ११ वर्षं पुढं या. १८ मे १९६८. वेस्ट ब्रॉमविच अल्बियन विरुद्ध एव्हर्टन, ९० मिनिटं संपली, गोल नाही. जादा वेळेत वेस्ट ब्रॉमच्या जॉन केच्या जागी डेनिस क्लार्क उतरतो. एफए कपच्या फायनलमध्ये उतरलेला हा पहिलाच बदली खेळाडू. तुम्ही टाळ्या वाजवा, क्षण ऐतिहासिक आहे. पण नजर ठेवा ती सेंटर-फॉरवर्डवर. जेफ ॲसल. या स्पर्धेच्या प्रत्येक फेरीत त्यानं गोल केला आहे. आत्ता त्याचा उजव्या पायाचा फटका अडतो, चेंडू त्याच्याचकडं परत येतो आणि तो डाव्या पायानं तो जाळ्यात भिरकावतो. १–०. कप वेस्ट ब्रॉमचा.

अख्ख्या इंग्लंडमध्ये ॲसलचं नाव डोक्यानं मारलेल्या गोलांसाठी, आणि त्याचा सगळ्यात गाजलेला गोल मात्र डाव्या पायाचा. त्या डोक्याचं काय झालं ते बघायचं तर त्याच्या सरावाला जाऊन उभं राहा. विंगवरून चेंडू येतो, तो उडी मारतो, कपाळानं मारतो. पुन्हा चेंडू, पुन्हा उडी. कुणी पडत नाही, कुणाची शुद्ध जात नाही, स्पंजाचं काहीच काम नाही. चेंडू चामड्याचा आहे. तो ‘फार जड’ होता असं सगळे सांगतात, ते अर्धंच खरं आहे. सामना सुरू होताना चेंडूचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम असावं, हा नियम तेव्हा होता आणि आजही तोच आहे. फरक पावसात पडायचा, कारण चामडं पाणी प्यायचं. आजचा चेंडू पाणी पीत नाही, पण जास्त वेगानं येतो. तेव्हा आजच्या चेंडूला निर्दोष म्हणायची घाई करू नका.

ॲसल १९ जानेवारी २००२ ला गेला, ५९ वर्षांचा असताना, स्मृतिभ्रंशानं पोखरलेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मृत्यूच्या चौकशीत तुम्ही मागच्या बाकावर बसला आहात. कॉरोनर अँड्र्यू हेग निकाल देतात: व्यवसायजन्य आजार. खाणीत कोळशाची धूळ फुप्फुसात जाऊन कामगार मरतो, तेव्हा जो शेरा लिहितात तोच. वारंवार चेंडू डोक्यानं मारल्यानं मेंदूचं नुकसान झालं, असं एका फुटबॉलपटूबद्दल कागदावर आलं. यानंतर खेळ ढवळून निघेल असं तुम्हाला वाटतं. तसं काही होत नाही. २०१४ साली ग्लासगोचे मेंदूविकृतीतज्ज्ञ विली स्टुअर्ट त्याच मेंदूचे जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासतात आणि आजाराला नाव देतात: सीटीई, डोक्याला वर्षानुवर्षं बसणाऱ्या धक्क्यांतून होणारी मेंदूची झीज. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच गटाचा अभ्यास येतो. स्कॉटलंडचे ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटू विरुद्ध सर्वसामान्य लोक, अशी तुलना. मेंदूच्या झिजेच्या आजारानं मृत्यू येण्याचं प्रमाण खेळाडूंमध्ये साडेतीन पट. पुढच्या विश्लेषणात आणखी एक गोष्ट उघड झाली: सर्वाधिक धोका बचावपटूंना, आणि चेंडू क्वचितच डोक्यानं मारणाऱ्या गोलकीपरांना तो सर्वसामान्यांइतकाच.

हा हळू चालणारा धोका, आणि एका टकरीत होणारं कन्कशन, या सख्ख्या नात्यातल्या पण वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचा शेवट बघायला तीस-चाळीस वर्षं लागतात. दुसऱ्याला एक मिनिटही पुरतं. ते मिनिट बघायला चला.

रविवार, १३ जुलै २०१४. रिओ दि जानेरो, माराकाना. विश्वचषकाची फायनल, जर्मनी विरुद्ध अर्जेंटिना. महाराष्ट्रात तेव्हा रात्रीचे साडेबारा होऊन गेले आहेत आणि तालमी-तालमींचे फुटबॉल संघ असलेल्या कोल्हापुरात पेठांमधले टीव्ही चालू आहेत. तुम्हाला टीव्हीची गरज नाही. या वेळी तुम्ही जर्मनीच्या बाकावर आहात, खांद्याला औषधांची बॅग. सराव करताना सामी खेदिराच्या पोटरीनं दगा दिल्यामुळं ऐनवेळी ख्रिस्टोफ क्रामर नावाचा २३ वर्षांचा पोरगा संघात आला आहे. स्पर्धात्मक सामन्यात देशाकडून सुरुवातीपासून खेळण्याची त्याची पहिलीच वेळ, आणि ती थेट वर्ल्डकप फायनलमध्ये.

सतरावं मिनिट. क्रामर अर्जेंटिनाच्या गोलकडं घुसतो आणि एसेकिएल गारायचा खांदा त्याच्या तोंडावर आदळतो. काळ इथंच थांबवा आणि कवटीच्या आत या.

वाटीपासून सुटलेला खोबऱ्याचा गोटा नारळात खुळखुळतो, तसा मेंदू कवटीत आपटतो, असं बहुतेकांच्या मनात चित्र असतं. प्रत्यक्षात मेंदू सुटा नाही; तो मऊ आहे, पातळ द्रवात वेढलेला आहे, आणि डोकं झटक्यानं वळलं की त्याचे थर वेगवेगळ्या गतीनं फिरतात, ताणले जातात. लांब मज्जातंतूंना पीळ बसतो. पेशींच्या आवरणांतून पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. हा पसारा आवरायला पेशींना एकाएकी प्रचंड ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी मेंदूकडं येणारा रक्तपुरवठा मंदावतो. खर्च वाढला, आवक घटली. यातलं काहीही साध्या सीटी स्कॅनवर दिसत नाही. स्कॅन काढायचा तो रक्तस्राव किंवा हाड मोडलं आहे का ते बघायला. ‘स्कॅन नॉर्मल आहे’ म्हणजे ‘कन्कशन नाही’, असा अर्थ काढणारे क्लब-मालक आजही सापडतात. शुद्ध जायलाच हवी असंही नाही. बहुतेक कन्कशनमध्ये ती जातच नाही.

काळ पुन्हा सोडा. तुम्ही क्रामरपाशी गुडघ्यांवर आहात. तो बोलतो आहे, उठून बसला आहे. स्टेडियम ओरडतं आहे. सरळ रेषेत चालवून बघायला जागा नाही. गारायचा खांदा नेमका कसा लागला हे कोल्हापुरात बसलेल्या माणसानं एव्हाना चार कोनांतून पाहिलं आहे, पण बाकावरच्या डॉक्टरपुढं २०१४ साली रीप्लेचा पडदा नाही. संघाला एकूण तीन बदल मिळतात. अठराव्या मिनिटाला त्यातला एक खर्च करायचा? खेळाडू स्वतःच म्हणतो आहे, मी ठीक आहे.

इथं सगळी गोम आहे. गुडघा मुरगळला तर खेळाडूला विचारता येतं, कारण गुडघा दुखतो आणि सांगतो मेंदू. इथं दुखावलेल्यालाच साक्षीला बोलावलं जातं. याच स्पर्धेत, १९ जूनला साओ पावलोमध्ये हे साऱ्या जगानं पाहिलं. उरुग्वेचा अल्वारो परेरा इंग्लंडच्या रहीम स्टर्लिंगचा गुडघा डोक्याला लागून निपचित पडला. उठला, तेव्हा डॉक्टरनं बाकाकडं बदलाची खूण केली. परेरानं डॉक्टरवरच हात उगारत नकार दिला, आणि त्याचंच ऐकलं गेलं. सामना संपेपर्यंत तो खेळला. उरुग्वे जिंकलं म्हणून त्याला शूर म्हणणारेही निघाले. खेळाडूंची जागतिक संघटना फिफप्रो चौकशी मागत राहिली.

क्रामर मैदानात परत जातो. घड्याळ बघत राहा. एकविसाव्या मिनिटाला अर्जेंटिनाचा इग्वाइन एकटा गोलसमोर सापडतो आणि चेंडू बाहेर मारतो. तिसाव्या मिनिटाला इग्वाइन गोल करतो, पळत सुटतो, पण ऑफसाइड. या सगळ्या गदारोळात जर्मनीच्या मधल्या फळीत एक माणूस आहे ज्याला आपण कुठं आहोत हे कळत नाही. तो इटालियन पंच निकोला रिझ्झोलींकडं जातो आणि विचारतो, ही फायनलच आहे का? रिझ्झोलींना ती थट्टा वाटते. तो पुन्हा विचारतो, मला खरंच जाणून घ्यायचं आहे. हो म्हटल्यावर तो आभार मानतो. रिझ्झोली ही गोष्ट जर्मनीच्याच श्वाइनस्टायगरच्या कानावर घालतात. एकतिसाव्या मिनिटाला क्रामरला आधार देत बाहेर नेतात, आंद्रे शुर्ले आत येतो. डोक्याला मार लागल्यापासून चौदा मिनिटं. निदान केलं पंचानं.

आता या प्रश्नाकडं जरा नीट बघा. १९९५ साली ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड मॅडॉक्स यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या फुटबॉलपटूंचा अभ्यास करून दाखवलं होतं की मार लागलेल्याला त्याचं नाव, वाढदिवस असलं काही विचारून फारसा उपयोग नाही. या गोष्टी हादरलेल्या मेंदूलाही आठवतात. विचारायचं ते नुकतंच घडलेलं. आज आपण कोणत्या मैदानावर आहोत? हा पूर्वार्ध की उत्तरार्ध? शेवटचा गोल कुणी केला? मागच्या सामन्यात समोर कोण होतं? तो आपण जिंकलो का? हे पाच प्रश्न जगभरच्या मैदानांवर डॉक्टरांच्या खिशात असतात. माराकानावर उलटंच घडलं, तसलाच प्रश्न रुग्णानं पंचाला विचारला.

११३ व्या मिनिटाला शुर्ले डावीकडून चेंडू आत टाकतो, ग्योट्झं छातीवर घेतो आणि गोल. क्रामरच्या जागी आलेल्या माणसाच्या पासवर जर्मनी जगज्जेतं होतं. क्रामरला त्या पूर्वार्धातलं काहीच आठवत नाही, हे त्यानं पुढं स्वतःच सांगितलं. लोक ती गोष्ट गमतीनं सांगतात. चौदा मिनिटांत आणखी एक फटका बसला असता तर ती गमतीनं सांगता आली नसती.

ज्ञान नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. २००१ साली व्हिएन्नामध्ये खेळातल्या कन्कशनवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिच्या यजमानांत खुद्द फिफा होती. पुढं प्राग, मग झुरिक. २०१२ च्या झुरिक परिषदेनं स्वच्छ लिहिलं होतं की कन्कशनचं निदान झालेला खेळाडू त्याच दिवशी परत खेळणार नाही. तपासणीचं साधनही तयार होतं, स्कॅट नावाचं. शब्द पाठ करून दाखवणं, आकडे उलट सांगणं, महिने डिसेंबरपासून मागं म्हणणं, एका पायावर तोल, एका रेषेत टाच-बोट जुळवत चालणं, लक्षणांची यादी. नीट करायला दहा ते पंधरा मिनिटं लागतात. आता २०१४ च्या सप्टेंबरात फिफानं काय दिलं ते ऐका: डोक्याला मार लागला असेल तर पंच तीन मिनिटांपर्यंत खेळ थांबवू शकतील आणि संघाच्या डॉक्टरनं हो म्हटलं तरच खेळाडू आत जाईल. दुसरा भाग चांगला आहे, निर्णय खेळाडूकडून आणि प्रशिक्षकाकडून काढून घेतला. पण दहा मिनिटांच्या तपासणीला तीन मिनिटं! हे गणित कुणाच्या टेबलावर मंजूर झालं असेल याचं मला अजून नवल वाटतं.

ती तीन मिनिटं कशी संपतात ते बघायला ३० एप्रिल २०१९ च्या रात्री टॉटनहॅमच्या नव्याकोऱ्या स्टेडियमवर उभे राहा. चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, पाहुणे आयाक्स. टॉटनहॅमचा यान व्हेर्टोनघेन हवेतल्या चेंडूसाठी उडी मारतो आणि आयाक्सचा गोलकीपर ओनाना व आपलाच साथीदार टोबी अल्डरवेरेल्ड यांच्यात सापडतो. नाकातून रक्ताची धार. वैद्यकीय पथक बराच वेळ झटतं, जर्सी बदलतात, पंच माटेउ लाओस खात्री करून घेतात. डॉक्टर होकार देतात. व्हेर्टोनघेन आत जातो आणि मिनिटभरात तुम्हाला दिसतं की त्याचे पाय त्याचं ऐकत नाहीत. रेषेपाशी तो वाकतो, ओकारी येते की काय असं वाटतं, आणि दोघांच्या खांद्यांवर भार टाकून बोगद्यात जातो. प्रोटोकॉल पाळला, असं क्लब सांगतो. खोटं नसेल ते. काही लक्षणं उशिरा उमटतात, हेच तर कन्कशनचं दुखणं आहे.

त्यानंतर नऊ महिने चक्कर आणि डोकेदुखी पुरली, हे त्यानं २०२१ साली सांगितलं, आणि मधल्या काळात तो खेळतच राहिला होता. कारण? कराराचं एकच वर्ष उरलं होतं, पुढच्या क्लबांना दिसायला तर हवं. या वाक्यापाशी थांबा. आपण ‘खेळाडूचं धैर्य’ म्हणतो त्याच्या आत बऱ्याचदा नोकरीची तारीख असते.

२०२० च्या डिसेंबरात फुटबॉलचे नियम करणारी संस्था, आयफॅब, अखेर हलली. डोक्याला मार लागलेल्यासाठी वेगळा, जादा बदल प्रयोग म्हणून देऊन बघायचा. तो ठरलेल्या बदलांत मोजायचा नाही. २०२२ च्या कतार विश्वचषकात तो होता, शिवाय वर गॅलरीत डोक्याच्या टकरींवर नजर ठेवणारे डॉक्टर आणि हाताशी रीप्ले. वूडकडं आणि क्रामरकडं जे नव्हतं ते सगळं. आता तुम्ही निर्धास्त आहात.

सोमवार, २१ नोव्हेंबर २०२२, खलिफा स्टेडियम. इराण विरुद्ध इंग्लंड. पहिल्या दहाएक मिनिटांतच इराणचा गोलकीपर अलीरेझा बेरानवंद आपल्याच माजिद होसेनीच्या डोक्यावर आदळतो. लांबलचक उपचार. जादा बदल फुकट उपलब्ध आहे. आणि बेरानवंद गोलमध्ये परत उभा राहतो. थोड्याच वेळात तो स्वतःच खाली बसतो, मला काढा अशी खूण करतो आणि स्ट्रेचरवरून जातो. एवढ्या यंत्रणेत निदान पुन्हा एकदा जखमी माणसानंच केलं.

माझं नियमपुस्तकाचं म्हणणं यानं कोलमडतं का? मला तसं वाटत नाही, पण त्याला एक पुरवणी जोडावी लागते. हा बदल कायमचा आहे. एकदा काढला की माणूस परत येत नाही. संघाचा पहिला गोलकीपर काढायचा तर डॉक्टरला पुरतं ठाऊक हवं, आणि पुरतं ठाऊक व्हायला जो वेळ लागतो तो नियम देत नाही. रग्बीत यावर उपाय आहे: संशयित खेळाडूला दहा-बारा मिनिटं आत नेऊन शांत खोलीत तपासतात, तोवर तात्पुरता माणूस खेळतो. फिफप्रोनं आणि इंग्लंड, फ्रान्स, अमेरिकेतल्या लीगांनी असा प्रयोग करू द्या म्हणून मागणी केली. २०२३ च्या जानेवारीत आयफॅबनं ती मान्य केली नाही. तात्पुरत्याला विरोध करणारे म्हणतात, दहा मिनिटं आत ठेवून सुटलेल्यांतही व्हेर्टोनघेन निघतील. कायमचा काढा, प्रश्न मिटला. तर्क बिनचूक आहे, फक्त खेळाडूला असं कायमचं काढणारे डॉक्टर बाकावर बसत नाहीत.

कायमचा जादा बदल मात्र पक्का झाला. प्रयोग संपून १ जुलै २०२४ पासून तो नियमपुस्तकात आला आहे: स्पर्धेनं स्वीकारला तर सामन्याला प्रत्येक संघाला एक. आणि एकानं वापरला की समोरच्यालाही एक जादा बदल मिळतो. का? खोटी डोकेदुखी दाखवून ताजा माणूस कुणी घुसवू नये म्हणून. १९६६ सालचा सोंगाचा प्रश्न तो हाच. या वेळी मात्र सोंग शोधत बसण्याऐवजी त्याचा फायदाच काढून घेतला, आणि फुटबॉलच्या नियमांत इतकी शहाणी गोष्ट मी क्वचित पाहिली आहे.

शेवटचा मुक्काम, त्याच उन्हाळ्यातली अमेरिका. कोपा अमेरिका स्पर्धा चालू आहे आणि तुमच्या खिशात एक गुलाबी कार्ड आहे. दक्षिण अमेरिकेच्या महासंघानं ते याच स्पर्धेत आणलं: कन्कशनचा बदल करताना संघानं ते अधिकाऱ्यांना दाखवायचं. सामना कोणता ते महत्त्वाचं नाही. एक बचावपटू कॉर्नरवर टक्कर होऊन पडला आहे. उठताना एक पाऊल वाकडं पडलं, नजर क्षणभर रिकामी. तो म्हणतो, मी ठीक आहे. तुम्ही विचारता, शेवटचा गोल कुणी केला? तो फलकाकडं बघायला मान वळवतो. पुरे. कार्ड बाहेर.

आता तो तुमच्यावर चिडला आहे. चिडू द्या, चिडचिड लक्षणांच्या यादीतच आहे. पुढचे काही तास त्याला एकटं सोडायचं नाही. गाडी चालवायची नाही, दारू नाही. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, एकाचे दोन दिसू लागले, हातापायातली ताकद गेली, झटका आला किंवा झोपेतून उठवता येईना, तर थेट इस्पितळ. पहिले एक-दोन दिवस बेतानं विश्रांती. पूर्वी अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगत. आता तसं सांगत नाहीत. फोनचा पडदा कमी, थोडं चालणं चालेल. मग पायऱ्या: हलकी सायकल, जरा जोरात, मग एकट्यानं धावणं आणि चेंडू, मग धक्काबुक्की नसलेला सांघिक सराव, मग डॉक्टरच्या परवानगीनं पूर्ण सराव, आणि सहावी पायरी सामना. प्रत्येकीला किमान २४ तास, आणि चौथीवर चढायच्या आधी लक्षणं पुरती गेलेली हवीत. हेडिंग सगळ्यात शेवटी, तेही मोजून. हंगामाच्या सुरुवातीला याच खेळाडूची निरोगी असतानाची चाचणी तुम्ही घेऊन ठेवली आहे, तिच्याशी आजची ताडून बघायची. पण एक सावधगिरी घ्या. काही चतुर मंडळी तेव्हाच मुद्दाम कमी गुण मिळवतात, म्हणजे पुढं हादरलेला मेंदूही पास होतो.

चौथ्या दिवशी प्रशिक्षक दारात येतो. मुलगा छान हसतो-बोलतो आहे, काल सायकलवर घामाघूम झाला, आणि शनिवारी पुढचा सामना आहे. तुम्ही पायऱ्यांचा तक्ता त्याच्यापुढं सरकवता. आज दुसरी पायरी, सकाळी जरा जोरात सायकल चालवल्यावर त्याचं डोकं तासभर दुखलं, म्हणजे उद्याही दुसरीच. शनिवार पडतो चौथीवर, आणि तोही उद्या काही दुखलं नाही तर. प्रशिक्षक विचारतो, निदान बाकावर बसवू? तुम्ही सांगता, यादीत त्याचं नाव घालू नका.